नव्याने घेतलेली 1969 ची एमजीबी: इंजिनातील ठोक्याचे निदान कसे करावे?

प्रश्न: पहिलीजुनीगाडी

नमस्कार. अनेक वर्षे मनात बाळगलेली इच्छा गेल्या महिन्यात पूर्ण झाली आणि 1969 सालची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स गाडी) माझ्या दारात आली. इंजिन मूळचेच 1798 सीसीचे, पाच मेन बेअरिंगांचे, दोन एसयू कार्बोरेटर असलेले आहे. आधीच्या मालकाकडे इंजिन कधी बांधले गेले होते याचे कोणतेही कागद नव्हते. एवढेच तोंडी सांगण्यात आले की "इंजिन एकदा झाले आहे".

गाडी पाहायला गेलो तेव्हा बॉनेट कोमट लागले होते. त्या वेळी त्याचे काही वाटले नाही, परंतु आता वाटते की इंजिन आधीच तापवून ठेवले असावे. चालवून पाहताना वरून टिक टिक असा हलका आवाज येत होता. विक्रेत्याने तो टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेचा) असल्याचे आणि या गाड्या अशाच वाजत असल्याचे सांगितले, आणि मी ते मान्य केले.

घरी आल्यापासून गाडी जेमतेम 70 किलोमीटर चालली आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड होते आणि मग ती थांबते. त्यानंतर वरची टिक टिक सुरू होते, ती इंजिन तापले तरी राहते. मला खरी काळजी तिसऱ्या आवाजाची आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर, साधारण 2500 आरपीएमवर स्थिर चालत असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढला, की खालून ठक ठक ठक असा जड, बोथट आवाज काही क्षण येतो. चढावर भार असताना तो कमी जाणवतो आणि स्लोवर (पाय न दाबता इंजिन मंद चालू असताना) जवळजवळ येतच नाही. ऑइल प्रेशरचा काटा थंड इंजिनावर छान वर जातो, तापल्यावर मात्र बराच खाली उतरतो. पण मीटरही गाडीइतकेच जुने असल्याने त्यावर किती विश्वास ठेवावा हे मला कळत नाही.

मी साधी देखभाल स्वतः करतो. ऑइल, प्लग, पॉइंट, ब्रेक एवढे हाताखालून गेले आहे. इंजिन मात्र कधी उघडलेले नाही. हे तीन आवाज एकाच बिघाडाचे आहेत की वेगवेगळे, इंजिन न उघडता कितपत खात्री करता येते, आणि तोपर्यंत गाडी चालवावी की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर: तेलदाब

सर्वप्रथम शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तेच तातडीचे आहे. निदान होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका. तपासणीसाठी इंजिन थोडा वेळ सुरू करणे वेगळे आणि भाराखाली चालवणे वेगळे.

तुम्ही वर्णन केलेला तिसरा आवाज, म्हणजे तापलेले इंजिन, मध्यम वेग आणि पाय काढताच येणारा जड ठोका, हे बिग एंड बेअरिंग झिजल्याचे जुने आणि ओळखीचे लक्षण आहे. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, जर्नलवर (गुळगुळीत गोल भागावर) ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. फट वाढली की तो थर टिकत नाही. भार एका दिशेने असताना रॉड एका बाजूला दाबून धरलेला असतो, म्हणून चढावर आवाज कमी येतो. पाय काढला की भाराची दिशा बदलते आणि रॉड त्या फटीतून पलीकडे आपटतो. आज कदाचित बेअरिंगच्या वाट्या (जर्नलभोवती बसणारे अर्धगोल पत्रे) बदलून भागेल. तसेच चालवत राहिलात तर जर्नलवर चरे पडतील आणि क्रँक घासून घ्यावा लागेल. त्याहीपुढे वाटी आपल्या जागी फिरली किंवा रॉडच तुटला, तर तो ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मग तिथे वाचवण्यासारखे फारसे उरत नाही.

मात्र हे मी केवळ वर्णनावरून सांगत आहे आणि आवाजाच्या बाबतीत वर्णन फसवे असते, म्हणून पुढे मोजमाप करावे. दोन गोष्टी इंजिन न उघडता होतात.

पहिली ऑइल प्रेशरची. डॅशबोर्डवरच्या मीटरवर अवलंबून न राहता एक खात्रीचे यांत्रिक गेज तात्पुरते जोडा. इंजिन नीट तापू द्या, केवळ पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापले असे नाही. पाण्याच्या मागोमाग ऑइल तापायला आणखी बराच वेळ लागतो. या इंजिनासाठी चालत्या वेगाला 50 ते 80 पीएसआय आणि स्लोवर 10 ते 25 पीएसआय हे अपेक्षित प्रमाण आहे. गरम इंजिनावर 3000 आरपीएमला आकडा 40 च्याही खाली राहिला तर बेअरिंगांबद्दलचा संशय बळावतो. पण तेवढ्यावरून बेअरिंगांना दोष देण्याआधी रिलीफ व्हॉल्व्ह (जादा ऑइल प्रेशर सोडून देणारी झडप) पाहा. तो ब्लॉकच्या मागच्या भागात घुमटाकार डोक्याच्या नटाखाली असतो. त्याची स्प्रिंग थकलेली असली किंवा आतल्या तोंडाशी कचरा अडकला असला तरी प्रेशर असेच पडते, आणि ते काम अर्ध्या तासाचे आहे.

दुसरी गोष्ट आवाजाच्या लयीची. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन 800 आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सातदा, तर क्रँकशी संबंधित ठोका साधारणपणे त्याच्या दुप्पट वेगाने पडतो. हे कानाने मोजणे कठीण आहे, म्हणून टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावा आणि लखलखाटाकडे पाहत आवाज ऐका. लाइट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. एका चमकेला एक टिक पडत असेल तर आवाज व्हॉल्व्हच्या बाजूचा. एका चमकेत दोन ठोके पडत असतील तर तो खालचा.

उत्तर: रॉकरशाफ्ट

तेलदाब यांच्याशी पूर्ण सहमत आहे. खालच्या ठोक्याबद्दल ते लिहीत आहेतच, म्हणून मी वरच्या टिक टिक आवाजापुरते लिहितो. तो आवाज स्वतंत्र असण्याची शक्यता अधिक आहे, आणि तो आधी दूर केला तर खालचा ठोका अधिक स्पष्ट ऐकू येईल, हा त्याचा खरा फायदा.

या इंजिनात टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारी तरफ (रॉकर) आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातील फट, थंड इंजिनावर 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर ठेवायचे असते. सेटिंग करताना "नऊचा नियम" लक्षात ठेवा. व्हॉल्व्हना पुढून मागे 1 ते 8 क्रमांक द्या; 8 क्रमांकाचा पूर्ण उघडा असताना 1 चे अंतर पाहायचे, 6 उघडा असताना 3 चे, 4 उघडा असताना 5 चे, 7 उघडा असताना 2 चे. दोन्ही क्रमांकांची बेरीज प्रत्येक वेळी 9 येते. सर्व प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरते आणि घाई करावी लागत नाही.

आता ज्या ठिकाणी बहुतेक जण फसतात ते सांगतो. अनेक वर्षे चाललेल्या रॉकरचा जो भाग व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकतो, तिथे दांड्याच्या रुंदीचा एक खळगा पडलेला असतो. फीलर गेजची पट्टी सपाट असल्याने ती त्या खळग्यावरून पुलासारखी जाते आणि खळग्याची खोली मोजलीच जात नाही. तुम्ही 0.015 चे अंतर ठेवले असे समजता, प्रत्यक्षात ते 0.020 किंवा त्याहूनही अधिक असते, आणि सेटिंग करूनही आवाज तसाच राहतो. मग लोक पट्टी घट्ट लागेपर्यंत स्क्रू आवळतात. ते कधीही करू नका. अंतर फार कमी राहिले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, बसण्याच्या काळातच तो आपली उष्णता हेडला देत असतो, ती देऊ शकत नाही आणि जळतो. आवाज करणारा टॅपेट काही महिने चालेल, आवळलेला व्हॉल्व्ह चालणार नाही.

रॉकर कव्हर काढल्यावर प्रत्येक रॉकर शाफ्टवर वर-खाली हलवून पाहा. शाफ्टची झीज खालच्या बाजूने होते, त्यामुळे वरून पाहिल्यास तो नवा वाटतो. शाफ्ट काढून खालून बोट फिरवले की पायऱ्या हाताला लागतात. शाफ्टला ऑइल हेडमधून एका पेडेस्टलमार्फत मिळते आणि आतल्या भोकांत काळा गाळ साचून ती बुजतात. इंजिन स्लोवर चालू असताना कव्हर उघडून पाहिले तर प्रत्येक रॉकरजवळ ऑइल झिरपताना दिसले पाहिजे. एखादा कोरडा असेल तर त्याचा आवाज का येतो हे वेगळे शोधायला नको.

अंतर बरोबर, रॉकर नवे, शाफ्ट नवा, तरीही एकाच ठिकाणी टिक टिक राहिली, तर कॅमवर टेकून पुशरॉड उचलणाऱ्या टॅपेटचा तळ किंवा कॅमचा उंचवटा खचला आहे असे समजावे. अशा वेळी डायल गेजने प्रत्येक पुशरॉडची उचल मोजावी. एकाची उचल इतरांपेक्षा कमी भरली की उत्तर मिळाले. या इंजिनात टॅपेट ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली असलेल्या झाकणांतून काढता येतात, त्यासाठी संपूर्ण इंजिन उतरवावे लागत नाही. सपाट तळाचे टॅपेट असलेल्या इंजिनाला झिंकयुक्त झीजरोधक घटक पुरेशा प्रमाणात असलेले 20डब्ल्यू-50 ऑइल वापरावे; आधुनिक गाड्यांच्या पातळ ऑइलांत हा घटक कमी केलेला असतो, कारण तो एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मानवत नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांच्या खडखडीबद्दल एक शब्द. काही ठरावीक वर्षांत बनलेल्या एमजीबीत ऑइल फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसवलेला असतो. त्यात ऑइल परत वाहू न देणारी झडप नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तो भरेपर्यंत बेअरिंगांना प्रेशर मिळत नाही. तुमचा फिल्टर कसा आहे ते पाहा. खडखड अगदी पुढून, रेडिएटरच्या बाजूने येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनरही पाहावा लागेल.

उत्तर: संध्याकाळचेगॅरेज

इंजिन उघडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत म्हणून, ज्या आवाजांसाठी इंजिन उघडण्याची गरज नसते त्यांची आठवण करून देतो. मी स्वतः एकदा बिग एंड गेले असे ठरवून ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरवले होते आणि आतील सर्व बेअरिंगे निर्दोष निघाली. ठोका क्रँकच्या पुढच्या पुलीचा होता, तिचा बोल्ट सैल होऊन पुली क्रँकला अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच रुंदावली होती. तो शनिवार-रविवार आणि ते गॅस्केट मला अजून आठवते.

म्हणून आधी फॅन बेल्ट काढून इंजिन अर्ध्या मिनिटापुरते सुरू करा. पाण्याचा पंप आणि चार्जिंगचा डायनॅमो किंवा अल्टरनेटर, दोन्ही एकदम बाजूला होतात. आवाज गेला तर तो त्यांच्यापैकीच एकाचा. बेल्टशिवाय पाणी फिरत नाही, तेव्हा याहून अधिक वेळ चालवू नका. पुली हाताने हलवून पाहा, आणि दुसऱ्या माणसाला क्लच दाबायला सांगून तिच्याकडे लक्ष ठेवा. क्लच दाबताच पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर मधल्या मेन बेअरिंगजवळच्या थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजल्या आहेत आणि तो निराळा, पण तितकाच गंभीर विषय आहे. या गाडीत क्लचचे रिलीज बेअरिंग कार्बनचे असते. क्लच दाबल्यावरच येणारा आणि सोडल्यावर जाणारा आवाज त्याचा असू शकतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट थोडे जरी फुटले असेल तरी त्याची फट फट ही टॅपेटसारखीच ऐकू येते. थंड असताना ती मोठी असते आणि धातू तापून फुगला की कमी होते. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला तर संशय घ्यावा. मागच्या बाजूने येणारी टिक टिक एसयूच्या विजेवरील पेट्रोल पंपाची असते. चावी फिरवताच ती जोरात सुरू होते आणि कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर भरले की मंदावते, ती आजारपणाची खूण नाही. चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावरच येणारी खणखण बहुधा पिंगिंग (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटणे) असते. इग्निशन दोन-तीन अंशांनी मागे घेऊन पाहावे. तुमचा ठोका नेमका याच्या उलट वागतो, म्हणून तुमच्याकडे ते कारण मला वाटत नाही.

ऐकण्यासाठी मेकॅनिकचा स्टेथोस्कोप उत्तम, नसेल तर लांब लाकडी दांडा किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर कानाशी धरून दुसरे टोक एकेका जागी टेकवा: रॉकर कव्हर, ब्लॉकची बाजू, ऑइल चेंबर, टायमिंग कव्हर. फॅन फिरत असतो, म्हणून सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील काही असेल ते आधी काढून ठेवा. आणि हात थकण्याआधी इंजिन बंद करा.

जाता जाता सांगतो, हे बी-सिरीज कुटुंबातील इंजिन आहे. अॅम्बेसेडरमध्ये दीर्घकाळ असलेले 1489 सीसीचे इंजिन याच कुटुंबातले, त्यामुळे ज्या मेकॅनिकने ती इंजिने बांधली असतील त्याला तुमचे इंजिन परके वाटणार नाही. सुट्या भागांची मापे मात्र एकसारखी धरू नका. तुमच्या इंजिनाला पाच मेन बेअरिंगे आहेत आणि त्या जुन्या इंजिनाला तीन.

पुन्हा: पहिलीजुनीगाडी

सर्वांचे मनापासून आभार. गाडी त्याच दिवसापासून उभी आहे. या आठवड्यात जे जमले ते सांगतो.

बेल्ट काढून पाहिला, आवाजात फरक पडला नाही. पुली घट्ट आहे आणि क्लच दाबल्यावर ती सरकताना दिसली नाही. टॅपेटची अंतरे तपासली तेव्हा पाच ठिकाणी पट्टी सहज गेली, आणि तीन रॉकरांवर, रॉकरशाफ्ट यांनी लिहिल्याप्रमाणे, नखाला लागेल इतका खळगा आहे. टायमिंग लाइटच्या एका चमकेला एकच टिक पडते. म्हणजे वरच्या आवाजाचे कारण सापडले असे समजतो. फिल्टर उलटाच बसवलेला आहे.

खालच्या ठोक्याची बातमी चांगली नाही. नवे यांत्रिक गेज लावून, इंजिन अर्धा तास तापवून मोजले, तर 3000 आरपीएमला 32 पीएसआय आणि स्लोवर 8 पीएसआय. रिलीफ व्हॉल्व्ह काढून साफ केला, स्प्रिंग बदलली. आकडे हलले नाहीत. काढलेले ऑइल मला फारच दाट वाटले. एवढे दाट ऑइल घालूनही प्रेशर असे असेल तर पुढे काय करावे?

उत्तर: तेलदाब

दाट ऑइल ही महत्त्वाची खूण आहे. झिजलेल्या बेअरिंगांचा आवाज दाबण्यासाठी आणि काटा थोडा वर दिसावा म्हणून दाट ऑइल किंवा बाटलीतले मिश्रण घालण्याची पद्धत जुनी आहे. तुमच्या विक्रेत्याने ते जाणूनबुजून केले की त्याला कुणी तसे सुचवले, हे इथून सांगता येणार नाही, पण इंजिनाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच आहे. तुम्ही स्वतः तो मार्ग धरू नका.

आता कोणता सिलिंडर, हे शोधा. पॉइंटवर चालणाऱ्या साध्या इग्निशनमध्ये, इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा आणि ती ब्लॉकला नीट टेकेल अशी बांधा, जेणेकरून करंट जमिनीला जाईल. वायर हवेत लोंबती ठेवू नका, कॉइल आणि रोटरवर ताण येतो आणि ठिणगी जवळ पेट्रोल असण्याचा धोका वेगळाच. मग इंजिन सुरू करून 2000 ते 2500 च्या दरम्यान पाय अलगद सोडून ऐका. असेच चारही सिलिंडर करा. ज्याचा करंट काढल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावतो किंवा नाहीसा होतो, त्याचा बिग एंड संशयित. त्या सिलिंडरमध्ये स्फोटच होत नसल्याने रॉडवरचा जोर उतरतो, हे त्याचे कारण. गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) सैल असेल तर स्लोवर दुहेरी, खणखणीत टकटक येते. पिस्टन बोअरमध्ये आपटत असेल तर तो आवाज थंड इंजिनावर मोठा आणि तापल्यावर कमी होतो, तुमच्या तक्रारीच्या नेमका उलटा. मेन बेअरिंगचा ठोका याहून खोल असतो, भाराखाली वाढतो आणि एकाच प्लगने फारसा बदलत नाही. प्रत्येक चाचणी मिनिटाच्या आत उरका.

नंतर फिल्टर काढून त्याचा कागद कापून उलगडा, घड्या पिळून पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात पाहा. चमकणाऱ्या कणांवर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतात ते लोखंडाचे, बहुधा कॅम, टॅपेट, चेन यांचे. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस चुरे बेअरिंगच्या वाट्यांचे. ते दिसले तर पुन्हा इंजिन सुरू करू नका आणि ऑइल चेंबर उतरवा. या गाडीत चेंबरच्या पुढच्या बोल्टांना क्रॉसमेंबर आड येतो, तेव्हा इंजिन पूर्ण बाहेर न काढता हे करायचे असेल तर धीर धरावा लागेल.

पुन्हा: पहिलीजुनीगाडी

तिसऱ्या सिलिंडरची वायर ब्लॉकला लावताच ठोका जवळजवळ गेला. इतर तिन्हींना काही फरक नाही. मी दोनदा करून पाहिले, कारण पहिल्यांदा मला ते ऐकायचे नव्हते.

फिल्टरच्या घड्यांत तांबूस चमक होती आणि चुंबकाला त्यातले काहीच लागले नाही. मग एका मित्राच्या मदतीने चेंबर उतरवले. कॅप उघडण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हींवर क्रमांक आणि दिशा खुणावून घेतली. तिसऱ्या रॉडच्या वरच्या वाटीवरचा राखाडी थर अर्ध्याहून अधिक भागात निघून गेला आहे आणि खालचा तांब्याच्या रंगाचा थर उघडा पडला आहे. खालची वाटी बरीच बरी आहे. जर्नलवर दोन बारीक चरे आहेत. नख आडवे फिरवले तर ते अडते. दुसऱ्या रॉडची कॅपही उघडली, तिथे वाटी एकसारखी राखाडी, जर्नल गुळगुळीत. वाट्यांच्या पाठीवर 020 असा ठसा आहे.

फक्त तिसऱ्या रॉडला नव्या वाट्या घालून, चरे बारीक पॉलिश कागदाने घासून गाडी पुन्हा बांधावी, असा सल्ला मला एका ओळखीच्या व्यक्तीने दिला आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर: क्रँकआणिमाप

तो सल्ला मानू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. माझे अनेक वर्षांचे काम क्रँक मोजण्याचे आणि घासण्याचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वरची वाटी स्फोटाचा जोर घेते, म्हणून तिची झीज जास्त असणे स्वाभाविक आहे. राखाडी थराखाली तांबूस थर दिसला म्हणजे त्या वाटीचे आयुष्य संपले. परंतु अशी झीज झालेला जर्नल सहसा गोल राहत नाही. तो एका बाजूने खचून किंचित अंडाकृती होतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवी वाटी गोल असते. अंडाकृती जर्नलवर गोल वाटी घातली तर फट एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त राहते, ऑइलचा थर तिथेच तुटतो आणि काही शे किलोमीटरांत ठोका परत येतो. हाताने कागद घासून चरा गुळगुळीत लागेल, पण जर्नलचा गोलपणा आणखी बिघडेल. नख अडते तिथे क्रँक घासणेच योग्य.

मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल किमान दोन दिशांना, नव्वद अंशांच्या अंतराने, आणि लांबीच्या दोन्ही टोकांना मोजा. या इंजिनाच्या बिग एंड जर्नलचे मूळ माप 1.8759 ते 1.8764 इंच आहे. तुमच्या वाट्यांवरचा 020 म्हणजे क्रँक पूर्वी 0.020 इंचांनी घासलेला आहे, त्यामुळे आता चांगला जर्नल 1.856 इंचांच्या आसपास भरला पाहिजे. विक्रेत्याने "इंजिन एकदा झाले आहे" म्हटले होते ते या बाबतीत तरी खरे दिसते. पुढचे माप 0.030 आणि त्यानंतरचे 0.040. म्हणजे तुमच्याकडे अजून वाव आहे, आणि तुम्ही वेळीच थांबलात म्हणून तो उरला आहे. चारही बिग एंड एकाच मापाला घासून घ्या. मेन जर्नल मोजूनच ठरवा, ते ठीक असतील तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही, पण वाट्या नव्या घाला. घासणाऱ्याला जर्नलच्या कडेची गोलाई नीट ठेवायला आवर्जून सांगा. तिथे तीक्ष्ण कोपरा राहिला तर क्रँकला तडा जाण्याची सुरुवात तिथूनच होते.

आता एक गोष्ट, जी विसरल्यामुळे चांगली बांधलेली इंजिने पुन्हा उघडावी लागलेली मी पाहिली आहेत. वाटीचा झिजलेला धातू ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला आहे. क्रँकमधील ऑइलची भोके आतून घासून धुतली पाहिजेत, ब्लॉकच्या गॅलरीचे प्लग काढून ब्रश घातला पाहिजे, आणि तुमच्या गाडीला ऑइल कूलर असेल तर त्याच्या नळ्या आणि कूलर यांचा विचार सर्वांत आधी करा. कूलरच्या आतील अरुंद वाटांत अडकलेले कण धुऊन पूर्ण निघतील याची खात्री देता येत नाही. मी तो बदलतो. ऑइल पंपही उघडून त्याच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे आहेत का पाहा. बेअरिंगचा चुरा पहिल्यांदा त्याच्यातूनच गेलेला असतो.

बांधताना फट तपासण्यासाठी प्लास्टिगेजचा (दाबल्यावर चपटा होणाऱ्या बारीक मऊ धाग्याचा) तुकडा जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळा, क्रँक न फिरवता कॅप उघडा आणि चेपलेल्या पट्टीची रुंदी मोजा. अशा मापाच्या जर्नलसाठी एक ते अडीच हजारांश इंचाच्या आत फट यायला हवी. रॉडचे बोल्ट आणि नट नवे घ्या. आणि तिसऱ्याच रॉडचे बेअरिंग का गेले, हे विचारल्याशिवाय इंजिन बंद करू नका: त्या जर्नलला ऑइल पोहोचवणारे भोक अर्धवट बुजले आहे का, रॉड वाकलेला आहे का, मोठ्या टोकाचा गोलपणा बिघडला आहे का. हे तिन्ही मोजता येतात.

पुन्हा: पहिलीजुनीगाडी

इंजिन बाहेर काढले. तिसरा जर्नल जवळजवळ अडीच हजारांश इंचाने अंडाकृती निघाला. बाकीचे तीन आणि मेन जर्नल मापात आहेत. आणि क्रँकआणिमाप यांचा शेवटचा प्रश्न विचारला म्हणून कारणही सापडले. क्रँकमधील तिसऱ्या जर्नलकडे जाणाऱ्या भोकात गॅस्केटला लावतात तसल्या सीलंटचा वाळलेला गोळा अडकला होता. मागच्या वेळी इंजिन बांधताना कोणीतरी ते सढळ हाताने लावले असावे आणि बाहेर आलेला तुकडा ऑइलबरोबर तिथवर पोहोचला. मी तो एका डबीत ठेवला आहे.

क्रँक 0.030 ला घासायला दिला आहे. रॉकर, शाफ्ट, टायमिंग चेन आणि टेन्शनर नवे घालणार आहे, ऑइल कूलर बदलणार आहे. फिल्टर झडप असलेला घेईन. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यावी, एवढे सांगितलेत तर उपकार होतील.

उत्तर: तेलदाब

ऑइल पंप बसवण्याआधी त्यात ऑइल भरा, बेअरिंगांना आणि कॅमच्या उंचवट्यांना असेंब्ली ल्युब लावा. सर्व प्लग काढून ठेवा, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार नसल्याने नव्या वाट्यांवर जोर येत नाही, आणि स्टार्टरने थोडे थोडे थांबत, त्याला गार होऊ देत, गेजचा काटा वर येईपर्यंत इंजिन फिरवा. यांत्रिक गेज तसेच जोडलेले राहू द्या. काटा वर आल्याशिवाय प्लग बसवू नका, मग त्याला कितीही वेळ लागो. पंपात हवा अडकली असेल तर फिल्टरकडे जाणारी नळी सैल करून पाहा.

कॅम आणि टॅपेट जुनेच ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट आपल्याच जागी परत जायला हवा, कारण ते आपापल्या उंचवट्याशी झिजून जुळलेले असतात. नवे घालणार असाल तर इंजिन सुरू होताच स्लोवर सोडू नका. 2000 ते 2500 च्या दरम्यान वीस मिनिटे ठेवा, कारण टॅपेटांना ऑइल मुख्यतः क्रँकच्या उडवणीतून मिळते आणि स्लोवर ती पुरेशी नसते. टायमिंग आणि कार्बोरेटर आधीच जमेल तितके जुळवून ठेवा, म्हणजे त्या वेळी थांबावे लागणार नाही. पहिले ऑइल आणि फिल्टर 500 किलोमीटरांच्या आत बदला, आणि तो फिल्टरही कापून पाहा.

गरम इंजिनावरचे प्रेशरचे आकडे मिळाले की इथे नक्की लिहा.

पुन्हा: पहिलीजुनीगाडी

काल सुरू केले. प्लगशिवाय फिरवताना काटा वर यायला जवळजवळ एक मिनिट लागले आणि तो मिनिट फार मोठा वाटला. अर्ध्या तासानंतर गरम इंजिनावर 3000 ला 62 पीएसआय, स्लोवर 22. रॉकरांची हलकी, एकसारखी टिक टिक आहे. 2500 वर नेऊन पाय अलगद काढला, पुन्हा काढला, आणखी दहा वेळा काढला. खालून काहीही आले नाही.